चाळीस रुपये, तेरा आणे, चार पै

आमच्या बोर्लीच्या घरात वर्षाचे चार-पाच महिने सुपारी वाजत असे. अब्बा दिवेआगरच्या वाड्यांतून पोफळीचं फळ मक्त्यानं घेत आणि ते आमच्या अंगणात पसरलं जाई. पहिले काही आठवडे ते फळ मुकं असतं. मग उन्हानं आतली सुपारी आक्रसते, सालापासून सुटते, आणि फळ कानाशी धरून हलवलं की खुळखुळते. फुफू, म्हणजे अब्बांची विधवा बहीण, अनवाणी पायांनी अंगणभर फिरून ते फळ खालीवर करत असे आणि तिच्या पायांखालून तो आवाज घरभर येई. अम्मा स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापायची. बाहेरचा खुळखुळाट आणि आतलं थापणं, दोन्ही एकदम चालू असलं म्हणजे घर ठीक आहे असं मला वाटे. आता मला एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं थोडं येतं, पण तो आवाज मी अजून हवा तेव्हा ऐकू शकते.

शेकडा म्हणजे काय हे मी शाळेत शिकले नाही, त्या अंगणात शिकले. माल सोलायला तयार झाला की नाही हे ठरवण्याची अब्बांची एक रीत होती. ते मला सांगत, "हमीदा, शंभर फळं उचल. एका जागची न्हाय, कडेची, मधली, सावलीतली, सगळीकडची." मी टोपलीत शंभर फळं मोजून आणी आणि एकेक कानाशी हलवी. "शंभरात किती वाजली?" असं ते विचारत. सत्तर म्हटलं तर आणखी आठ दिवस ऊन. नव्वदच्या वर गेलं की सोलायला बायका बोलवायच्या. हजारो फळांचा ढीग, पण शंभरांना विचारलं की सगळ्यांचं कळतं, याचं मला फार नवल वाटे. एकदा मी आळस करून दारालगतचीच शंभर उचलली, पंच्याण्णव वाजली असं सांगितलं, आणि सोलल्यावर आतला निम्मा माल ओला निघाला. अब्बा रागावले नाहीत. "तू सोयीच्यांनाच इचारलंस," एवढंच म्हणाले. पुढे तीस वर्षं मी मुलींना शेकडेवारी शिकवली, पण याहून चांगलं वाक्य मला सुचलं नाही.

बीजगणित मात्र उस्मानभाईनं आणलं. माझा थोरला भाऊ मुरुडला इंग्रजी शाळेत होता आणि सुटीत घरी आला की जे शिकला ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. धाकटा इस्माईल तेव्हा पाच-सहा वर्षांचा, त्याच्यापुढे काय बोलणार? म्हणून मी. गावच्या शाळेत मुलींना जेवढं शिकवत तेवढं माझं संपलं होतं आणि मी सुपारी निवडत घरी बसले होते. भाई म्हणाला, जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं, मग ते माहीत असल्यासारखंच त्याच्याशी वागायचं, शेवटी ते आपण होऊन सांगतं. त्याचं नाव एक्स. मला हे इतकं आवडलं की आठ दिवस मी घरातल्या प्रत्येक गोष्टीला एक्स म्हणत सुटले आणि फुफूनं दोनदा कान उपटला. भाईनंच मुंबईतल्या एका मुलींच्या शाळेची चौकशी केली. वसतिगृहासकट दोन वर्षांचे दोनशे ऐंशी रुपये, सगळे आगाऊ, आणि पुढे शिक्षकिणीचं काम मिळण्याजोगी परीक्षा. अब्बा म्हणाले, यंदाचा माल विकला की बघू.

यंदाचा माल दिघीच्या बंदरातून मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत, चढला आणि पाचव्या दिवशी अब्बांना ताप भरला. तो उतरलाच नाही. त्यांच्या आजाराबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, कारण लिहायला बसले की मला फक्त त्यांच्या उशाशी ठेवलेली पेजेची वाटी दिसते, तिच्यावर साय धरलेली. तीन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही. शेजारणी भात आणि सुक्या जवळ्याचं कालवण आणून देत आणि आम्ही ते खात असू, भूक लागते याची लाज वाटून. अम्मा इद्दतीत बसली. विधवेनं ठरलेले दिवस घराबाहेर पडायचं नाही आणि परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून ती माजघराच्या दाराआड असे. तिचा आवाज आम्हाला महिनाभर जवळजवळ ऐकूच आला नाही.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. माल दोन हजारांना गेला, शेकडा पाच दलाली वजा, एकोणीसशे पाठवले आहेत. आता घराचे कर्ते चाचा होते, अब्बांचे धाकटे भाऊ, मनानं वाईट नाहीत पण हिशेबाच्या बाबतीत सदा संशयी. त्यांनी ओटीवर मौलवीसाहेबांच्या देखत पत्र वाचलं आणि उसळून म्हणाले, "एकोनीसशेवर शेकडा पाच म्हंजे पंच्यान्नव. यानं शंभर कापले! पाच रुपये खाल्ले आमचे!" मी सुपारी निवडत होते. न राहवून म्हणाले, "चाचा, पाच टक्के हातात आल्यावर न्हाय, विकल्यावर. विकलं ते एक्स धरा. त्यातले शंभराला पंच्याण्णव आपल्याकडे आले. म्हणजे दोन हजारच." चाचांनी पत्र पुन्हा वाचलं. मौलवीसाहेब हसले. चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेला तो वृद्ध माणूस वारशाच्या वाटण्या अर्ध्या तालुक्याच्या करत असे, पण कागदावर नाही, सुपाऱ्यांवर. चटईवर एका हिश्शाला एक सुपारी मांडत, आणि मग पैसे त्या सुपाऱ्यांपुढे रचत जात. ते म्हणाले, "आज पोरीलाच करू द्या."

घर आणि परसू एकत्रच ठेवायचं ठरलं होतं, वाटायची ती फक्त सुपारीची रक्कम. आधी मयताचं देणं. कफनदफनाचे त्रेचाळीस, मचव्याचं भाडं बावन्न आणि अम्माचा मेहेर एकशे पंचवीस, जो लग्नात कबूल केलेला असतो आणि बहुतेक नवरे मरेपर्यंत देत नाहीत. उरले सोळाशे ऐंशी. मौलवीसाहेबांनी माजघराकडे पाठ करून रीतीप्रमाणे विचारलं, "बीबी उमेदवार तर न्हाईत?" पोटात असलेल्या जिवाचाही हिस्सा असतो, म्हणून हा प्रश्न विचारावाच लागतो. तो त्यांनी अम्माला विचारायचा, पण दाराआडच्या बाईला थेट कसं विचारणार, म्हणून फुफूला विचारला. आणि फुफूनं जागेवरूनच उत्तर दिलं, "न्हाय हो, चाळिशी गाठली तिनं." कुणी उठून आत गेलं नाही. मीही नाही. जी दारालगत बसली होती तिलाच आम्ही विचारलं.

मी भाईच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर मांडलं. अम्माचा आठवा हिस्सा, दोनशे दहा. उरले चौदाशे सत्तर. मुलीला एक तर मुलाला दोन, म्हणजे मी एक्स, उस्मानभाई दोन एक्स, इस्माईल दोन एक्स, मिळून पाच. एक्स बरोबर दोनशे चौऱ्याण्णव. त्या आकड्याखाली मी दोन रेघा मारल्या. मौलवीसाहेबांनी पाच सुपाऱ्या मांडून ताडून पाहिलं आणि मान डोलावली. उस्मानभाई तेवढ्यात म्हणाला, "चाचा, शाळेचे दोनशे ऐंशी. हमीदाच्या हिश्शात बसतात." चाचांनी दाढी खाजवली. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले, "तिच्या हिश्शात बसत असेल तर जाऊ दे. भावांच्या वाट्याला हात लावायचा न्हाय. कमी पडलं तर घरी बसायचं. कबूल?" मी कबूल म्हणाले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि तो अब्बांच्या चाळिसाव्यानंतर चौथ्या दिवशी झाला, हे मी कुणापासून लपवून ठेवणार?

तेव्हा दाराआडून अम्माचा आवाज आला. महिनाभर न वापरलेला, खरखरीत. "आजून एक धरा."

फुफूनं तोंडावर हात ठेवला. चाचा खाली मान घालून बसले. मौलवीसाहेबांनी तबकातून आणखी दोन सुपाऱ्या उचलल्या, त्या पाचांपासून जरा दूर ठेवल्या आणि त्यांच्यावर पाण्याची रिकामी वाटी पालथी घातली. मुलगा होईल की मुलगी हे कळेपर्यंत मुलाचा हिस्सा बाजूला ठेवायचा, ते म्हणाले, मुलगी झाली तर जास्तीचं परत सगळ्यांत येईल. मी वहीत त्या ओळीखाली आणखी दोन ओळी लिहिल्या. मुलगा असेल तर सात एक्स, म्हणजे दोनशे दहा. मुलगी असेल तर सहा एक्स, म्हणजे दोनशे पंचेचाळीस. दोनशे ऐंशी कुठेच होत नव्हते. उस्मानभाई हळूच म्हणाला, "वरची ओळ खोड." मी हो म्हणाले आणि वही मिटली.

ती ओळ मी खोडली नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना सबब शोधावी असं फार वाटतं. लहान होते, तेरा वर्षांची. पण गणित येणाऱ्या मुलीला त्या ओळीचा अर्थ कळत होता. ते पोर नसेल तर दोनशे चौऱ्याण्णव, असं तिथे लिहिलेलं होतं. वही स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाच्या बरणीमागे असे आणि मी काही ना काही निमित्तानं ती उघडून बघत असे. मी कधी वाईट मागितलं नाही. नमाजात हात पसरले तेव्हा अम्माची सुटका सुखरूप होऊ दे, असंच म्हणाले. पण ओळ तशीच ठेवली.

अम्माच्या हातात मेहेर आणि आठवा हिस्सा मिळून तीनशे पस्तीस होते. ती म्हणाली होती, पोरीला कमी पडतात ते माझ्यातून घ्या. चाचांनी तिला सरळ विचारलं, मग पुढच्या हंगामाचा मक्ता कशानं भरू आणि पाच जणांना काय खायला घालू? त्यांचं खोटं नव्हतं. तिचे सगळे पैसे मक्त्यात गेले. अम्मा पुन्हा सुपारी सोलायला बसू लागली, दिवसेंदिवस पाटावर अवघडून. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते, सुपारीच्या घरात आकडे सगळ्यांनाच येतात. मी तिच्याशेजारी बसे. ती मला कधी काही बोलली नाही. उलट जेवताना तव्यावरची शेवटची, सगळ्यांत फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकायची, जी आधी अब्बांच्या ताटात पडत असे.

भात कापणीला आला होता तेव्हा एका सकाळी मुलगी झाली. मी ओटीवर इस्माईलला घेऊन बसले होते आणि आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. बातमी ऐकून मौलवीसाहेब दुपारी आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रडली का?" फुफू म्हणाली, "रडली तर! गल्लीत ऐकू गेलं." मग हिस्सा तिचा झाला. जन्मून रडलेल्या जिवालाच वारसा मिळतो, मुका आलेल्याला नाही. पालथ्या वाटीखालच्या दोन सुपाऱ्यांतली एक तिची ठरली. बाजूला ठेवलेल्या चारशे वीसांतून तिचे दोनशे पंचेचाळीस ठेवले, उरलेल्या एकशे पंचाहत्तरांतले मला पस्तीस आले. म्हणजे मलाही दोनशे पंचेचाळीस, आणि शाळेला पस्तीसच कमी. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा मी हा हिशेब करत होते. तिच्या कानांवर बारीक लव होती आणि तिनं माझं बोट मुठीत धरलं होतं, आणि मी मनात पस्तीस, पस्तीस म्हणत होते.

सातव्या दिवशी तिचं नाव सकीना ठेवलं. सांदणं केली, घरात अब्बांच्या नंतर पहिल्यांदा गूळ-नारळाचा वास सुटला. मी तिला अंगणात नेऊन वाळलेली सुपारी तिच्या कानाशी वाजवली तर ती डोळे मोठे करून थांबली. त्या दिवसापासून मी पस्तीस विसरले. हे मी शपथेवर सांगते. शाळा राहू दे, असं मला खरोखर वाटलं. नवव्या दिवशी ती दूध ओढेनाशी झाली, जबडा आवळला, आणि अकराव्या दिवशी दुपारी, अम्मा तिला घेऊन खिडकीपाशी बसली असताना, गेली. चाचांनी तिला दोन्ही हातांवर घेऊन नेलं. खांद्यावर घ्यायला ती फार लहान होती.

पंधरा दिवसांनी मौलवीसाहेब पुन्हा चटईवर बसले. सकीनाचे दोनशे पंचेचाळीस रुपये होते आणि आता तिचे वारस आम्ही होतो. मी नको म्हटलं तर चाचा म्हणाले, "तुलाच येतंय तर तूच कर." आईला सहावा हिस्सा, चाळीस रुपये, तेरा आणे, चार पै. उरलेल्याचे पाच भाग, भावांना दोन-दोन, बहिणीला एक. तो एक भागही तेवढाच निघाला, चाळीस रुपये, तेरा आणे, चार पै. मी पुन्हा मांडून पाहिलं. माझे दोनशे पंचेचाळीस आणि हे, मिळून दोनशे पंच्याऐंशी, तेरा आणे, चार पै. चाचा हळू आवाजात म्हणाले, "अल्लाची मर्जी. पोरीच्या हिश्शात बसतंय." ते शब्दाचे पक्के होते.

मी जाणार नाही असं सांगून स्वयंपाकघरात जाऊन बसले. थोड्या वेळानं अम्मा आली. बाळंतपणाबरोबर तिची इद्दत संपली होती, पण तिला बाहेर जावंसं कुठे वाटत होतं? तिनं मिठाच्या बरणीमागची वही काढली, माझ्यापुढे उघडी धरली.

"माज्या वाट्याला किती आलं?"

"चाळीस रुपये, तेरा आणे, चार पै."

"आनी तुज्या?"

"तेवढंच."

तिनं पानाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. दोनशे चौऱ्याण्णव, खाली दोन रेघा. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "अम्मा, मी खोडली न्हाय."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी रोज बघायचे, खोडलीस का."

मी तिच्या मांडीवर डोकं घातलं. तिनं ते ढकललं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "लिवल्यानं कोनी मरत न्हाय, हमीदा. पन तू खोडायची व्हतीस." आणि मग माझ्या केसांतून हात फिरवत, "आता जा तू. न्हाय गेलीस तर ती फुकटच आली आनी फुकटच गेली. जा."

मी गेले. दिघीहून बोटीत बसले तेव्हा शाळेचे दोनशे ऐंशी भाईकडे होते आणि वरचे पाच रुपये तेरा आणे चार पै माझ्या कमरेला. मी शिकले, शिक्षकीण झाले, मुलींना बीजगणित शिकवलं. बोर्लीत लोक म्हणत, सुपारीवाल्यांची पोर हिशेबात हुशार. अम्मा म्हणे, "व्हय, पहिल्यापासून," आणि तिच्या आवाजात काय असे ते मला एकटीला कळे. आमच्यात त्या वहीबद्दल पुन्हा एक शब्द निघाला नाही. तिचं माझ्यावर प्रेम होतं, त्याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि विचारायचं माझं धाडस झालं नाही.

अम्मा फार म्हातारी होऊन गेली. आणे-पै तोवर बाजारातून गेले होते. तिची पत्र्याची पेटी आम्ही तिघा भावंडांनी उघडली. दोन लुगडी, तसबीची माळ, आणि तळाशी एका बारीक अंगरख्यात बांधलेली पुरचुंडी. तो अंगरखा सकीनाचा, सातव्या दिवशीचा. उस्मानभाईनं गाठ सोडून मोजलं. चांदीचे चाळीस रुपये, तेरा आणे, आणि चार पै. तिनं त्यातली एक पैसुद्धा खर्चली नव्हती, मक्ता बुडाला त्या वर्षी नाही, इस्माईलच्या आजारपणात नाही.

इस्माईल म्हणाला, "हे आता तिघांत वाटायला हवं." उस्मानभाईनं खिशातून कागद-पेन्सिल काढली आणि सवयीनं माझ्यापुढे धरली. "कर गं, तुला येतं."

मी म्हटलं, मला येत नाही.